तीन बोटांची अवजारं

दुकानातून आणलेलं इथे एकच:
दहा-अकराचा पाना,
तोही मेहुण्याचा, परत द्यायचा राहिलेला.
बाकी शेडभर जे टांगलंय
ते वेंडेलिनने घरी केलं,
मोराव्हियातल्या लांबलचक हिवाळ्यांत,
सहकारी शेतीच्या भंगारातून.

जुन्या क्लचची झिजकी तबकडी,
तिला वेल्ड केलेली दीड हात पट्टी.
चिनी माती फोडून पोकळ केलेला स्पार्क प्लग,
त्याच्या पोटात आटे पाडून बसवलेला बोल्ट:
हा लावला की पिस्टन वर येतो
आणि उंबऱ्याशी अडखळलेल्या पाहुण्यासारखा
थबकतो.
पिस्टनची पिन ओढायला
आट्यांचा गज, नळीचा तुकडा, दोन नट.
कशावरच नाव नाही.
तुळईवर खडूने एवढंच:
जावा, आपली.
जावा, पोस्टमनची.

इंजिन उतरवायचं तर तुळईवरून दोर,
कप्पी म्हणून सायकलचं हब,
खाली बाबागाडीच्या चार चाकांवर फळी.
काल मी उतरवलं. एकटीने.
दोर करकरला, तेल ठिबकलं,
माझा श्वास फळीला टेकेपर्यंत अडकलेला.
ढकलत उजेडात आणलं तेव्हा
क्व्येता मावशी डोकावून म्हणाली,
"झोपलंय वाटतं?"

तिच्याच ओव्हनमध्ये केसिंग तापायचं.
थुंकीचा थेंब नाचला की बाहेर.
बेअरिंग तोवर फ्रीझरमध्ये,
मटारांशेजारी अंग चोरून बसलेलं.
एक गरम, एक गार,
मग टक् आवाज, आपसूक आत,
हातोडीला कामच नाही.
त्यानंतर तीन रविवार
आलुबुखाऱ्याच्या केकला गिअर ऑइलचा वास.
"सोडून जाणार होते मी," मावशी म्हणते,
"पण केक तो संपवायचा. सगळा."

क्लचचा नट मात्र मला सुटेना.
पट्टीच्या मुठीला त्याने कानशीने खाचा पाडल्यात,
त्यांत माझी बोटं कशी म्हणून बसेनात.
पहिल्यांदा पट्टी निसटली.
दुसऱ्यांदा सालटं निघालं.
तिसऱ्यांदा मी
मेलेल्या माणसाला शिवी दिली, मोठ्याने.

मावशी दारात लसूण सोलत बसलेली.
मान वर केली नाही.
"शेवटची दोन बोटं मुडप," म्हणाली.

शेवटची दोन.
एकाहत्तर साली मळणीयंत्राने नेलेली.
फोटोत तो तो हात नेहमी खिशात ठेवायचा,
आणि मी इतकी वर्षं समजत होते,
ऐट आहे.
पाची बोटं सारखी नसतात म्हणतात;
इथे पाचच नव्हती.

मुडपली.
खाचा तळहातात आल्या,
जणू कुणी हात पुढे केला होता
आणि मीच इतका वेळ
चुकीचा धरत होते.
नट कुरकुरला.
मग सुटला, जरा घाईनेच.

आज फ्लायव्हील ओढायला एक नवं अवजार केलं.
त्याचं जुनं सापडलं नाही,
पोस्टमनकडे असेल.
ट्रॅक्टरचा बोल्ट, कानशीने दोन तास,
मुठीला ट्यूबचं रबर.
पकडून पाहिलं
तर दोन बोटं आपोआप आत वळलेली.
खाचा तीनच पडल्यात.
पुढे ज्याच्या हाती जाईल तो वैतागेल.
त्या वेळी दारात
कुणीतरी लसूण सोलत असावं.

एकच कोडं उरलंय:
खिळ्यावरचा हा जाड तारेचा आकडा,
टोकाला चपटा, कडेला दातरा.
स्प्रिंगसाठी म्हणून लावून पाहिला, नाही.
सर्क्लिपसाठी, नाही.
सीलच्या कडेखाली घातला, तिथेही नाही.
शेवटी मावशीला नेऊन दाखवला.

"अगं, हा होय," ती म्हणाली,
"दे इकडे. आठ महिने झाले,
काकडीच्या बरण्या उघडायला
मी शेजाऱ्याला हाका मारतेय."