आतून बर्फ

गुन्वोरचा फोन आला तेव्हा आम्ही वाटाण्याचं सूप पीत होतो.
"तुमच्या स्वयंपाकघराच्या काचेला बर्फ धरलाय," ती म्हणाली,
आणि जरा थांबून, "आतून."

रींकने चमचा खाली ठेवला.
मुख्य नळ मी बंद केला होता, म्हणाला.
मी काहीच विचारलं नव्हतं.

लेवार्डन ते स्मोलांड, साडेनऊशे किलोमीटर.
उन्हाळ्यात हेच अंतर आम्ही गप्पा मारत कापायचो,
मागे चेरीची पाटी, खिडकीबाहेर कुत्र्याचं डोकं.
कुत्रा आता नाही.
आणि जानेवारीत तोच रस्ता
कोट उलटा करून घातल्यासारखा,
सगळे टाके वर आलेले.

ब्रेमेनपाशी पाऊस, हांबुर्गपाशी गारा,
पुटगार्डनच्या धक्क्यावर तर वारा असा
की गाडीचं दार उघडायला एकाने आतून रेटायचं, दुसऱ्याने बाहेरून ओढायचं.
तेवढं एक काम आम्ही मिळून केलं
आणि परत अबोला.

बोटीवर एक पोरसवदा आई
बाळ एका हातात सावरत पिशवीत ओकत होती.
मी तिला ओला रुमाल दिला. ती डॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली.
दिवसभरात माझ्याशी कुणी प्रेमाने बोललं असेल तर तेवढंच,
आणि तेही मला कळलं नाही.

मग पूल बंद.
फलकावर वाऱ्याचा वेग, फलकाखाली ट्रकांची रांग,
आणि रांगेत आम्ही, चार तास.
इंजिन चालू ठेवायचं की नाही यावरून भांडलो.
मग थर्मासच्या तळाशी उरलेल्या कॉफीवरून.
मग ज्या वर्षी हे घर घेतलं त्या वर्षावरून:
पैसे माझ्या आईचे, हौस त्याची.
दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काय होतं
हे मी त्याला सविस्तर सांगितलं.
त्याने वायपर सुरू केले.
काच कोरडी होती.

स्वीडनमध्ये शिरलो तेव्हा अंधाराला बुडच उरलं नव्हतं.
नुसतं पांढरं येत होतं दिव्यांच्या झोतात
आणि त्या पांढऱ्यात अचानक चार पाय.
घोड्याहून उंच एल्क, रस्त्याच्या मधोमध,
पोस्टात रांगेला उभं राहावं तसा.

रींकने ब्रेक दाबला.
गाडी गर्रकन फिरली, सावकाश, फार सावकाश,
मला त्याचा कान दिसला, झाडं दिसली, पुन्हा कान,
आणि थांबलो तेव्हा
गाडीचं तोंड दक्षिणेकडे.
लेवार्डनकडे.

एल्क आपला निघून गेला.
रींकचे हात चाकावर तसेच होते.
"नळ बहुतेक मी बंद केला नव्हता, बाउक्ये," तो म्हणाला.
मी म्हटलं, "असू दे."
ऑक्टोबरात शेवटची भांडी मी घासली होती,
"जाताना तू बंद कर" असं तो अंगणातून ओरडला होता
आणि मी "हो" म्हणाले होते,
हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

पोचलो तेव्हा रात्रीचे तीन.
गुन्वोरने फाटकापासून दारापर्यंत
एका फावड्याच्या रुंदीची वाट काढून ठेवलेली,
बहात्तराव्या वर्षी.

आत, सिंकखालचा पाइप केळ्याच्या सालीसारखा उलला होता.
पाणी पडता पडता गोठलेलं, जमिनीवर काचेचा थर,
त्यात अडकलेला एक चमचा, पायपुसणं,
माझी हिरवी सपात.

चुलीजवळच्या खिळ्याला रींकची वही टांगलेली असते,
एकोणीस वर्षांची प्रत्येक आमद तिच्यात.
हातमोजा न काढता त्याने लिहिलं:
बाहेर उणे चौदा, आत उणे नऊ.
"पाच अंश," म्हणाला,
"आपण हप्ते भरतोय ते या पाच अंशांचे."
मला हसू आलं. दात वाजत होते, त्यात ते मिसळून गेलं.

लाकडं ओली होती. धूर फार झाला.
कोटासकट टेबलाशी बसलो, खुर्च्या घसरत होत्या,
एकमेकांच्या पायाला पाय लावून ठेवावे लागले.

पहाटे केव्हातरी चूल तापली
आणि सपात सुटू लागली,
आधी टाचेकडून.