दहिवर सुकेपर्यंत

शिडी झाडाला लागली नव्हती अजून.
साडेआठ वाजलेले, ट्रक केव्हाचा धुऱ्याशी उभा.
दिलावरभाई दर पाच मिनिटांनी हॉर्न दाबायचा
आणि पंचफुलाबाई दर हॉर्नला
तळहातावरचा तंबाखू आणखी जरा मळायची.

"वाजव. हॉर्ननं दहिवर सुकत असंन तं वाजव."

मग उठायची. एका पानाला गाल लावून बघायची.
हाताला आता काही कळत नाही म्हणे,
तीस आंबिया बहारांचा रस मुरलाय त्यात,
भेगांतलं पिवळं दिवाळीच्या उटण्यानंही निघालं नाही.
गालाला कळतं.
गाल म्हणाला, ओलं आहे.
आम्ही चौदा जणी पुन्हा खाली बसलो.
सातपुड्याकडून येणारी थंडी
लुगड्याच्या काठातून वर चढत होती.

माझी ती पहिली तोड.
साखरपुड्यासाठी वाढवलेली नखं होती,
गुलाबी, प्रत्येकावर चमकीचा एक ठिपका.
तिनं माझा हात घेतला, उलटा केला, सुलटा केला,
भाव न विचारता वस्तू परत ठेवावी
तसा माझ्या मांडीवर ठेवून दिला.
"साजरी हायेत. काढ."

ब्लेड नव्हतं. तिच्या कमरेला तोडीची कातर,
बोथट चोचीची.
तिनंच कापली. एकेक तुकडा
ओल्या गवतात उडत गेला
आणि मी रडत नाही हे ती नीट बघत होती.

मग रात्री गळालेलं एक संत्रं तिनं उचललं,
माझ्याच अंगठ्याचं कापलेलं नख शोधून
सालीवर नुसतं टेकवलं, थोडं दाबलं.
"दिसलं काई?"
नाही.
"आता नाईच दिसत. सालीत तेलाचे बारके बारके डोये असतेत.
सकायी थंडीनं तट्ट फुगून बसतेत.
धक्का लागला का फुटतेत, अन् तेच तेल सालीले जाळते.
डाग तिसऱ्या दिवशी. तवर माल दिल्लीत."
ते संत्रं तिनं कागदात गुंडाळून
माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलं.

दहाच्या सुमाराला गाल म्हणाला, चला.

ओढायचं नाही. पिळायचं नाही.
कातर दोनदा चालवायची, एकदा लांबून, एकदा अगदी जवळून,
काडी राहिली तर ती क्यारेटमधल्या शेजाऱ्याला भोसकते.
बांगड्या वर सरकवून त्यांवर फडकं.
झोळी रिकामी करायची ती
झोपलेल्या लेकराखालून हात काढतात तशी.
खाली तनस, तनशीवर जुनी वर्तमानपत्रं:
निविदा, निकाल, वधू पाहिजे,
त्यांवर माझ्या हातचं पहिलं संत्रं
मी ठेवलं आणि हात मागे घ्यायला विसरले.
"अवं, ते अंडं नोहे," कौतिका हसली.
"अंडंच समज," झाडावरून आवाज आला.

सावली सरकली की आम्ही क्यारेटं सरकवायचो.
चारला ट्रक भरला.
दिलावरभाई दिवसभर फुगलेला,
पण धुऱ्यावरचा खड्डा त्यानं
चाक चाक मोजत ओलांडला
आणि हॉर्न काही वाजवला नाही.

तिसऱ्या दिवशी पिशवीतलं संत्रं काढलं.
देठाच्या खाली बोटभर अंतरावर
नखाएवढी चंद्रकोर, हिरवट-तपकिरी, किंचित खचलेली.
आसपास सगळं तसंच केशरी.
सोललं. आत काहीच झालं नव्हतं.
फोडी भरलेल्या, गोड.
पंचफुलाबाईला सांगितलं तर म्हणाली,
"आतलं कोण पायते? चुरीच्या ढिगात जाते ते."
आणि माझ्याकडून उरलेल्या दोन फोडी घेऊन खाल्ल्या.

साखरपुड्याला होणाऱ्या सासूनं माझा हात घेतला.
उलटा केला, सुलटा केला.
साबण दोनदा लावला होता तरी
बोटांना सालीचा वास होताच.
"पोरगी तोडीले जाते काय?"
आई काही बोलायच्या आत
मी म्हटलं, जाते. दहानंतर.