निव्वळ

मुंबईहून इंग्रजी कागद आला, सोळा पानं.
साहेब म्हणाले, लोनबले, उद्या अकराला जनसुनावणी आहे,
रात्रीतून मराठी करून ठेवा. सोपी.

मी पर्यावरण विभागात. कंत्राटी.
दर अकरा महिन्यांनी नव्यानं लागतो.
आणि कागदात एकेक वचन पंचवीस वर्षांचं.

शब्दकोशात पाहिलं. नेट म्हणजे निव्वळ.
झीरोसाठी पानं उलटावी लागली नाहीत.
'सन दोन हजार पन्नासपर्यंत निव्वळ शून्य'
एवढं टाइप केलं आणि बोटं थांबली.
आमच्याकडे दूधवाल्याला म्हणतात, निव्वळ पाणी आहे बाप्पा.
निव्वळ थापा. निव्वळ रिकामा माणूस.
पण रात्री दोनला दुसरा शब्द आणू कुठून?
वर पंखा फिरत होता, तीन नंबरच्या संचावर.
खिडकीत त्याच संचाचं धुराडं,
त्याच्या टोकावरचा लाल दिवा दाखवून
मी मुलीला घास भरवलेत.

मंडप आश्रमशाळेच्या पटांगणात. पारा सेहेचाळीस.
कूलर दोन, एकाचं तोंड साहेबांकडे,
दुसऱ्याचंही.
साहेबांनी वाचलं, उत्सर्जन टप्प्याटप्प्यानं कमी करणार.
मागून कोणीतरी विचारलं, कशाचं विसर्जन?
लोक हसले. साहेबही हसले, जरा उशिरा.

मग तानाबाई निखाडे उठल्या. माइक बाजूला सारला.
"तुमी शून्य करू म्हणून राह्यले, चांगलं हाये.
पण आता किती हाये, ते सांगा ना जी.
आंधी आकडा, मंग शून्य."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फायलीत.
धुराड्यावरचं मोजणीयंत्र एप्रिलभर बंद.
'सदर कालावधीतील नोंदी उपलब्ध नाहीत.'
वाक्य माझंच, मागच्या आठवड्यातलं.

"नसन तुमच्यापाशी," बाई म्हणाल्या,
"माह्या भितीवर हायेत."

साहेबांना जेवायचं होतं. मी गेलो.
सांधणीच्या मागची भिंत, शेणानं सारवलेली,
तिच्यावर चुन्याची बोटं, ओळीनं.
सकाळी छपरावर मुगवड्या घालायच्या,
संध्याकाळी त्या करड्या निघाल्या
की चुन्यात तर्जनी बुडवून एक रेघ.
एप्रिलच्या तेवीस.
खालच्या कोपऱ्यात पोपडे निघालेले,
तिथलं काही त्या मोजायला तयार नव्हत्या.
"जे पुसलं थे पुसलं. अंदाजानं नाही सांगत मी."

मी म्हणणार होतो, मावशी, राख वेगळी, कार्बन वेगळा.
कार्बन वड्यांवर पडत नाही, दिसतही नाही.
बोललोही, अर्धवट.
त्यांनी पाण्याचा गडवा पुढे केला.
"जे दिसते थेच नाही मोजत,
त न दिसणारं काय मोजसान, बापू?"

परतताना फाटकाजवळ मोतीरामचा चहा घेतला.
संच बंद झाला तर मोतीराम कुठे जाईल,
मी कुठे, वॅगन उपसणारी चाळीस पोरं कुठे,
सोळा पानांत हे कुठेच नव्हतं.
बाईंनाही मी विचारलं नाही.

संध्याकाळी इतिवृत्त टाइप केलं.
'ग्रामस्थांनी धोरणाचे स्वागत केले.' साहेबांचं वाक्य, जसंच्या तसं.
मग एक पान वाढवलं, परिशिष्ट ड.
राखेचे दिवस, एप्रिल: तेवीस.
मोजणीचे साधन: चुना, उजव्या हाताची तर्जनी.
साधन बंद असल्याचे दिवस: निरंक.
शेरा: पुसलेल्या नोंदी धरलेल्या नाहीत.

साहेबांनी पहिल्या पानावर सही केली, सोळाव्यावर शिक्का मारला.
सतरावं पान कोणी उघडत नाही,
म्हणूनच तर ते मुंबईपर्यंत पोचेल.
जूनमध्ये माझे अकरा महिने भरतात.