माया

वहीत आहे सगळं. खोटं सांगत नाही.
फादर ऑस्कर रुमाव, कंबर एकोणचाळीस.
ही ते आले त्या वर्षीची नोंद, निळ्या शाईत.
पुढल्या पास्काच्या आधी अडतीस.
मग साडेछत्तीस.
आणि यंदा टेप दोनदा फिरवली मी,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा:
चौतीस.

"आत घ्या थोडा झगा, मास्तर, वेदीपाशी पायात येतो,"
हसून म्हणाले,
जशी चूक कापडाचीच.

वाकोल्याच्या देवळासमोर बत्तीस वर्षं माझी मशीन.
मी आत जात नाही, आमचे देव वेगळे.
पण चार फादर पाहिलेत खांद्यापासून घोट्यापर्यंत.
माणूस तोंडाने सांगत नाही ते कापडाला सांगतो.
गुडघ्यावर तर सगळ्यांचाच झगा विरतो,
ह्यांचा कोपरावर विरलाय.
टेबलाशी डोकं धरून बसणाऱ्याचा विरतो तसा.

शनिवारी संध्याकाळी रांग लागते त्यांच्याकडे.
जाळीच्या पलीकडून
कोण काय काय ओतून जातं कानात:
दारू, नवरा, गावठाणातल्या घराची वाटणी,
दुबईहून फोन न करणारा मुलगा.
शिवाय आठवड्याला तीन मर्तिकं,
शाळेचं छप्पर, टाकीच्या पाण्याचं भांडण.
धाकटे फादर बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत.
आता जेवणाच्या मोठ्या टेबलाला
आठ खुर्च्या आणि एक ताट.
फिलूबाई रांधतात तिथे, त्या म्हणाल्या,
"परत येतं हो. सुरमई केली तरी परत येतं."

टेप गळ्यात टाकून मी विचारलं,
"रात्री जेवायला कोण असतं, फादर?"
"फोन असतो."
मग बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.
मी बॉबिन भरत बसलो. घाई केली नाही.
"मास्तर, प्रार्थना म्हणताना
शब्द येतात हो. मी येत नाही."

ह्यावर मी काय बोलणार?
मला शिवण येते.
"ही मापं डॉक्टरीणबाईंना दाखवू?" एवढंच विचारलं.
ते नाही म्हणाले नाहीत.

ग्लोरिया मिस्किटांनी वही उलटसुलट पाहिली,
साखर तपासली, झोपेचं विचारलं,
मनाच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.
बिशपांकडे पत्र गेलं. तीन आठवडे रजा.

झालं. गावठाणाला विषय मिळाला.
लुद्रिक परेरा माझ्याच दुकानात उभा राहून म्हणाला,
"देवाच्या माणसाला कसलं टेन्शन?"
मी त्याची पँट कमरेत सैल करत होतो,
तोंडात टाचण्या होत्या,
नाहीतर बोललो असतो.

पण त्याच्याच बायकोने, इस्पेरान्साने,
मिस्सा सुटल्यावर यादी केली.
सोमवारी कोण, मंगळवारी कोण.
डबा पाठवायचा नाही. घरी जेवायला बोलवायचं,
नाहीतर जाऊन त्या टेबलाशी बसायचं,
आणि आपली गाऱ्हाणी सांगायची नाहीत.
गुरुवार रिकामा राहिला,
तिथे तिने मला न विचारता माझं नाव घातलं.

झगा मी कापला नाही.
हाताने आत घेतला फक्त, कच्चा टाका, पांढरा दोरा,
दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच माया राखून.
कापलेलं कापड परत येत नाही,
हे मला शिकवणारा म्हातारा
एवढंच शिकवून गेला.

आज गुरुवार.
बायकोने पिठलं केलंय, भाकऱ्या चार आणि वर एक.
ते रजेवरून आलेत. अजून चौतीसच,
फार तर चौतीस आणि एक दोरा.
वही बरोबर घेतली नाही मी.
उसवायची सुरी तेवढी खिशात आहे,
सवयीने.