चार पूर्णांक सात

औलूत दुपारी तीनलाच अंधारतं.
सिर्का रेझिस्टरला सांगते:
एक किलोओहमपासून दहापर्यंत चाल,
पाऊल एकेकाचं.

तो चालतो. दर पावलाला एक रेघ,
एकाच ठिपक्यातून सुटलेल्या दहा,
पुढे पंख्यासारख्या फाकलेल्या.
चौथी आळशी. पाचवी
उसळते, थरथरते, उशिरा बसते.
"यांच्या मधलं हवंय."

ताइस्तो खण उपसतो,
पिवळा, जांभळा, तांबडा पट्टा
तिच्या तळहातावर ठेवतो.
चार पूर्णांक सात.

आलेखात त्याची रेघच नाही,
पावलं त्याला ओलांडून गेलेली.

ती डाग देते. राळेचा धूर.
स्कोपवर उमटते ती
जाडसर, केसाळ,
खोलीतल्या दिव्यांची गुणगुण अंगावर घेऊन,
आणि
बसते.