पापण्या नसलेल्यांसाठी

मंगळवारी गर्दी नसते.
तेराशिमा काळा सदरा घालून येतात.
बाहीचं बटणसुद्धा काळ्या दोऱ्यानं गुंडाळलेलं,
काचेत काही चमकायला नको.

चौथ्या टाकीसमोर गुडघे टेकतात,
लेन्सचं रबर काचेला चिकटवतात
आणि थांबतात.
आत शेवाळाच्या पात्यावर वाटाण्याएवढा मासा
पोटाच्या चकतीनं तसाच चिकटलेला.

मी काचा पुसते.
'फ्लॅश मारू नका' ही पाटी माझ्याच अक्षरातली,
तीन भाषांत. वाचतं कोण?

एकदा विचारलं, एवढ्या अंधारात येतं तरी काय?
म्हणाले, रवा येतो. नुसता रवा.
चाळत बसलं की त्यात मासा सापडतो.

सासेबोच्या गोदीत चौतीस वर्षं वेल्डिंग.
एका दुपारी मुखवटा वरच राहिला.
रात्रभर डोळ्यांत वाळू,
बायको किसलेल्या बटाट्याच्या घड्या बदलत होती.
"मला निदान पापण्या होत्या," म्हणाले,
आणि पुन्हा लेन्समध्ये शिरले.

आज मासा वळला. जांभई दिली बहुतेक.
क्लिक ऐकू आलं नाही,
रोखलेला श्वास तेवढा सुटला
आणि वाफ धरली
मी आत्ताच पुसलेल्या काचेवर.

तेवढ्यात शाळेची सहल घुसली.
पिवळ्या टोपीतल्या एका पोरानं मोबाइल उगारला,
बोट नेमकं विजेच्या खुणेवर.

तेराशिमा ओरडले नाहीत, उठलेही नाहीत.
काळी बाही मध्ये धरली फक्त,
शेजारच्याचा मुखवटा
खाली ओढावा तशी.