डावं वळण

इंजिन मिळालं बेनेशोवजवळ, सहकारी शेतीसंस्थेच्या आवारात.
तेवीस वर्षं लाकडं कापत होतं.
गोल करवतीला पट्टा, पट्ट्याला इंजिन,
आणि त्यावर भुश्शाची एवढी जाड गोधडी
की क्रमांक वाचायला सुरीने खरवडावं लागलं.
सिलिंडरखाली कुणीतरी चार पत्रे सरकवलेले,
दम कमी व्हावा, साध्या पेट्रोलवर चालावं म्हणून.

चौकट सापडली कोंबड्यांच्या खुराड्यात,
दाराला आडणा.
म्हातारीने पैसे घेतले नाहीत.
बदली आडणा दे म्हणाली, कोल्हा येतो.

मी व्हिलेम. दिविशोवच्या कारखान्यात
एकतीस वर्षं लेथवर.
हिचा क्रँक मीच कातला असेल. खात्री नाही,
असे शेकडो कातले.

पाचशे सीसी, सिलिंडर एक, गिअर एक.
दिवा नाही. ब्रेक नाही.
विसरला नाही कुणी, ठेवलाच नाही.
राखेच्या मैदानावर चार स्वार, चार फेऱ्या,
सव्वा मिनिटात सगळा संसार आटोपतो.
ही वळते फक्त डावीकडे,
आणि डावीकडे जायचं तर
हँडल उजवीकडे धरावं लागतं.
आमच्याकडे त्या काळी
ही युक्ती कुणाला वेगळी शिकवावी लागत नसे.

लुबोर हावलिनाला मात्र ती शोभायची.
डाव्या बुटाला पोलादी तळ बांधून
वळणात पाय असा टेकवायचा,
जसा उशिरा घरी आलेला माणूस
झोपलेल्यांमधून वाट काढतो.
मागे राखेचा केवढा पिसारा!
पुढच्या रांगेतल्या बायका
रुमालाने बिअरचे ग्लास झाकायच्या.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात
बव्हेरियातल्या शर्यतीला गेला.
ट्रक परत आला.
ट्रकमध्ये ही, हत्यारांची पेटी,
अर्धं सॉसेज, आणि तो पोलादी तळ.

मला ऑफिसात बोलावलं. तुला माहीत होतं का?
म्हणालो, नाही साहेब.
खरं उत्तर सुचलं चौतीस वर्षांनी, टाकी घासताना:
साहेब, गाडी डावीकडेच वळते
आणि नकाशावर पश्चिम डावीकडेच असते.

माणूस हाती लागला नाही,
मग शिक्षा गाडीला झाली.
नट सुटे, बोल्ट सुटे, जिल्हाभर वाटून टाकली.
टाकी एका शाळेच्या तळघरात होती.
हिरव्या रंगाखाली करडा, करड्याखाली
पांढऱ्या गोलातला सतरा.
तिथे मी थांबलो. खाली आणखी काही होतं,
पण सतरा पुरे.

तेल एरंडाचंच लागतं.
मेथॅनॉलशी त्याचंच जमतं.
का जमतं, ते सांगू लागलो की बायको उठून आत जाते,
तेव्हा ते एरंडाचं गुऱ्हाळ इथे नको.
एवढंच सांगतो, तेल टाकीतून निघतं,
इंजिनातून जातं आणि खाली राखेत सांडतं.
परत यायला नळीच नाही.

द्राहोमीराला बोलावलं होतं.
लुबोरची बायको. बायको म्हणजे,
कागदावर घटस्फोट सत्तर सालीच झाला,
नाहीतर तिची शिक्षिकेची नोकरी गेली असती.
पिशवीत तो तळ घेऊन आली.

शेजारच्या दोन पोरांनी ढकललं.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा खोकला.
तिसऱ्यांदा अंगणातली कबुतरं उडाली,
आणि तो वास,
जळक्या एरंडेलाचा गोडसर वास,
तिच्या कोटाला, माझ्या मिशीला, वाळत घातलेल्या चादरींना.

ती रडली नाही. मी वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू.
वाकून चाकं बघितली, पुढचं, मागचं.
ब्रेक बसवलास का?
नाही. हिला कधीच नव्हता.
हो, ते माहीत आहे, म्हणाली.
मला वाटलं,
नवी करताना लोक बसवत असतील.

तळ मी टाकीवर ठेवला होता, फोटोसाठी.
फोटो झाला, तसा तिने तो उचलला,
फडक्याने पुसून पुन्हा पिशवीत टाकला.
हा नेते मी, म्हणाली.
स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटतं.